मार खाऊन हसवणारा : मास्टर भगवान

यंदाच्या गणपतीतली गोष्ट. मावल्यात आपल्या मंडळाची संध्याकाळची आरती आटोपली होती, प्रसाद वाटून झाला होता आणि आम्ही ज्येष्ठ मंडळी नेहमीप्रमाणे खुर्च्या ओढून कापसाच्या भावावर बोलत बसलो होतो. मंडपाच्या मागच्या बाजूला पाच-सहा मुले एका मोबाईलवर डोकी घालून बसली होती आणि पोट धरधरून हसत होती. आम्ही उठून गेलो ते खरे तर रागावायला. पाहतो तो चिनी कुंग फूचा जुना सिनेमा. जॅकी चॅनचा, १९७८ सालचा 'ड्रंकन मास्टर'. एक दारुडा म्हातारा गुरू एका टवाळ पोराला उलटे टांगतो आणि खालच्या बादलीतले पाणी चहाच्या इवल्या पेल्यांनी वरच्या बादलीत भरायला लावतो. पोरगा घामाघूम होतो, कळवळतो, पळून जायला बघतो. आम्ही पाच मिनिटे पाहिले आणि मग आम्हीही हसू लागलो.

आमच्या नातवाने तेव्हा एक साधाच प्रश्न विचारला. आपल्या मराठी माणसांत असा मारामारी करता करता हसवणारा कोणी झाला का? क्षणभर आम्ही सगळे गप्प झालो. मग आमच्यातल्या एकाने खुर्चीत बसल्या बसल्याच एक हात वर धरला, दुसरा कमरेशी नेला आणि खांदे हलवले. ज्येष्ठांना लगेच नाव आठवले. मुलांना काहीच कळले नाही. म्हणून हा लेख. मंडळाच्या या पानावर आपण थोरामोठ्यांची चरित्रे देत असतो. या वेळी भगवान आबाजी पालव यांचे, म्हणजे मास्टर भगवान, म्हणजेच सर्वांचे भगवानदादा यांचे चरित्र देत आहोत.

आधी दोन शब्द या प्रकारच्या सिनेमाविषयी. ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ साली आला. त्यातला नायक विजेसारखा. त्याला पाहून छाती फुगते, पण त्याच्यात आणि आपल्यात अंतर राहते. जॅकी चॅनच्या सिनेमात नायक आधी मार खातो. पडतो, बोट चिमटते, स्टूल, शिडी, बाकडे जे हाताशी येईल ते पुढे करून जीव वाचवतो. शेवटी जिंकतो, पण जिंकल्यावरही त्याचे अंग दुखत असते. हाँगकाँगच्या चिनी ऑपेराच्या शाळेत लहानपणी घोटून घेतलेल्या कसरतींवर हे सगळे उभे आहे. १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए' मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली पडतो, आणि ते पडणे खरे आहे. घड्याळाला लोंबकळण्याची कल्पना मात्र त्याच्या फार आधीची, १९२३ सालच्या हॅरल्ड लॉइडच्या मूकपटातली. म्हणजे गंमत जुनीच आहे. पडद्यावरचा माणूस आपल्यासारखाच साधा आहे, त्याला लागते आहे, तरी तो उठतो आहे, हे पाहून आपण हसतो. त्या हसण्यात थोडा दिलासाही असतो. भगवानदादांनी हेच आपल्याकडे केले आणि जॅकी चॅनचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी केले.

भगवानदादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील आबाजी गिरणी कामगार. आपल्या भागातल्या माणसाला यात आश्चर्य वाटू नये. वऱ्हाडापासून आदिलाबादपर्यंत एकच काळी माती आणि एकच कापूस. तो कापूस गाठी बांधून मुंबईला जाई आणि त्याच्यामागून माणसेही जात. पालव कुटुंब मुंबईत दादर-परळच्या गिरणगावात राहिले. चाळीतल्या एका खोलीत सहा-सात माणसे, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर निजणारी वस्ती, गणपती-गोविंदा, व्यायामशाळा आणि आठवड्याला मिळाला तर एक सिनेमा. शाळा फारशी झाली नाही. भगवाननेही काही काळ मजुरी केली. पण डोक्यात सिनेमा होता.

तो मूकपटांचा शेवटचा काळ. मूकपटाला भाषा लागत नाही, अंग लागते. तलवारबाजी, घोडदौड, उड्या, झटापट यांवर चित्र चाले. त्यात मराठी माणूस आघाडीवर होता हे आपण विसरतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून पुढे आलेले मास्टर विठ्ठल हे त्या काळचे मारधाडपटांचे मोठे नट. १९३१ साली भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' आला, त्याचे नायकही तेच. पुढे १९३५ मध्ये 'हंटरवाली' आला आणि नादियाने चाबूक घेऊन गिरणगाव वेडे केले. या हवेत भगवान वाढले. लहानसहान कामे करत त्यांनी स्टुडिओत शिरकाव केला आणि नट म्हणून उभे असतानाच कॅमेरा, संकलन, वेशभूषा, सगळे पाहून घेतले. बँकेत असे काही लोक असतात, जे काउंटरवर बसून लेजरपासून क्लिअरिंगपर्यंत सगळे शिकून घेतात. कागदावर त्यांची पदवी लहान असते, पण शाखा त्यांच्यावर चालते.

१९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. तेव्हा वय पंचवीस. तिथून दहा-बारा वर्षे त्यांनी एकामागून एक स्टंटपट काढले. खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, सुमारे ६५,००० रुपयांत ते पूर्ण चित्रपट उभा करत. कपडे कोणते शिवायचे हे ते ठरवत आणि मंडळींच्या जेवणाचे ताटही तेच बघत. मारामारीला बदली माणूस नाही. उडी स्वतः मारायची, पडायचे स्वतः, ठोसा खायचा स्वतः. आणि पडद्यावरचे पात्र बहुधा एकच, भोळासांबा. ठेंगणी, गुबगुबीत अंगकाठी, गोल चेहरा. असा माणूस गुंडांच्या टोळीत सापडला की प्रेक्षकाला त्याची काळजीही वाटायची आणि हसूही यायचे. तमाशातला सोंगाड्या अंगरखा काढून शर्ट-पँट घालून आला असे म्हटले तरी चालेल. पुढे १९७१ मध्ये दादा कोंडक्यांनी 'सोंगाड्या'तून ज्या भोळ्या माणसाला नायक केले, तोही असाच. त्याचा हा थोरला भाऊ.

हे सिनेमे कोण पाहत होते? गिरणीतून सुटलेले कामगार, हमाल, टांगेवाले आणि गावोगावचे तंबूवाले प्रेक्षक. शहरातले शिकलेले लोक त्यांना नाके मुरडत. वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी फारसे छापून येत नसे. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. घरात मराठी, बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू अशी आपली तऱ्हा. अशा मिश्र वस्तीत मारामारी आणि विनोद यांचे चित्र कुणालाही समजावून सांगावे लागत नाही.

इथे आमची एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पैनगंगेपलीकडच्या एका लहान शाखेत होतो. तिथे एक तंबू-टॉकीजवाले गृहस्थ कर्ज मागायला आले. प्रोजेक्टर जुना झाला होता, दुरुस्ती हवी होती. त्यांचे म्हणणे असे की बाजाराच्या दिवशी मारामारीचा आणि हसवणुकीचा जुना खेळ लावला की तंबू भरतोच, हप्ता चुकणार नाही. आम्ही नियमावर बोट ठेवले. तंबू हे काही तारण नव्हे. ते काही न बोलता उठून गेले आणि पुढच्या हंगामात त्यांचा तंबू त्या बाजारात लागला नाही. नियमाने आम्ही बरोबर होतो. पण फॉर्म परत करताना आम्ही जरा हसलो होतो, ते बरोबर नव्हते. त्या माणसाने आपली सगळी जमा लोकांच्या दोन घटकांच्या आनंदावर लावली होती. भगवानदादांचे चरित्र लिहिताना तो चेहरा सारखा समोर येतो, कारण दादांचा धंदा अगदी तसाच होता.

भगवानदादांच्या धंद्याने त्यांना तमिळपर्यंत नेले. १९४१ चा 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला. नायक एम. के. राधा, नायिका सिंहलच्या तवमणी देवी. तमिळ न येणारा गिरणगावातला मराठी माणूस तमिळ चित्र करतो, हे परप्रांतात पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांनी तरी लक्षात ठेवावे. अंगाची भाषा येत असली की बोलीची अडचण फार काळ टिकत नाही. या चित्राचे संगीत केले ते पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी. हेच पुढचे सी. रामचंद्र, मित्रमंडळींचे अण्णा. १९४२ मध्ये भगवानदादांच्या 'सुखी जीवन'लाही त्यांचेच संगीत होते. हिंदीत अण्णांचा पाय ठेवला गेला तो असा. ही मैत्री शेवटपर्यंत टिकली. ती का महत्त्वाची, ते पुढे येईलच.

त्याच १९४२ सालात एक अपघात झाला. तो लपवून हे चरित्र पुरे होणार नाही. 'जंग-ए-आझादी' या चित्राचे चित्रीकरण चालू होते. नायिका येवल्याच्या ललिता पवार, तेव्हाच्या गाजलेल्या नटी. प्रसंगात भगवानदादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. थोबाडीत बसली ती खरीच जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले. चेहरा सुधारला, पण डावा डोळा अधू झाला तो कायमचा. नायिकेची कामे संपली.

आम्ही वर म्हटले की या चित्रांत अंग खरे असते. त्या खरेपणाची ही दुसरी बाजू. स्वतःच्या अंगावर जोखीम घेणारा माणूस कधी दुसऱ्याच्या अंगाचाही हिशेब चुकतो. यात हेतू नव्हता हे सगळेच मानतात. पण किंमत भरली ती ललिताबाईंनी, दादांनी नव्हे. हे स्पष्टच लिहिले पाहिजे. ललिताबाईंनी मात्र हार मानली नाही. त्याच अधू डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू उभी केली आणि 'श्री ४२०' मधली केळेवाली मायाळू बाईही उभी केली. 'अनाडी'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायण'मधली मंथरा म्हणून त्या घराघरांत पोचल्या. आपल्या घरातल्या बायका तेव्हा पडद्यावरच्या त्या मंथरेला शिव्या घालत होत्या. त्यामागची ही कथा आम्हाला तरी तेव्हा ठाऊक नव्हती.

१९४२ मध्येच भगवानदादा निर्माते झाले. संस्थेचे नाव जागृती पिक्चर्स. १९४७ मध्ये चेंबूरला त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. १९४९ मध्ये 'भेदी बंगला' हा भयपट काढला. गिरणी कामगाराचा मुलगा स्वतःच्या स्टुडिओचा मालक झाला होता. तिथेच चेंबूरला राज कपूरही आपला स्टुडिओ उभा करत होता. त्याने दादांना सल्ला दिला की स्टंटपट पुष्कळ झाले, आता एक सामाजिक चित्र करा. दादांनी तो ऐकला. हा निर्णय वाटतो तेवढा सोपा नव्हता. ज्या मालाला हमखास गिऱ्हाईक आहे तो सोडून नवा माल काढायचा, नायक स्वतः, निर्माता स्वतः, दिग्दर्शक स्वतः. आणि नायक कसा, तर ठेंगणा, गुबगुबीत, चाळिशीकडे झुकलेला.

चित्र निघाले 'अलबेला'. साल १९५१. गोष्ट प्यारेलाल नावाच्या गरीब घरातल्या कारकुनाची. त्याला नाटकाचा नाद. बहिणीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे आहेत, नोकरी जाते, घरात बोलणी खावी लागतात, तो घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव काढतो. घरी पैसे पाठवत राहतो. परत येतो तेव्हा कळते की पाठवलेला पैसा घरी पोचलाच नाही आणि आई आता नाही. आम्ही आयुष्यभर मनीऑर्डरी आणि ड्राफ्ट पाहिले. घरापासून दूर कमावणाऱ्या माणसाच्या पोटात या गोष्टीने कसे कालवते ते आम्हाला वेगळे सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी घरांत असा एक प्यारेलाल होऊन गेला आहे.

नायिका गीता बाली. तेव्हाची पहिल्या फळीतली नटी. अशा नटीने स्टंटपटवाल्या भगवानबरोबर नायिका व्हायचे, हेही धाडसच. तिच्या चेहऱ्यावरच्या खोडकर हसण्याने दादांच्या बोजड अंगालाही पंख फुटले. संगीत अण्णा चितळकरांचे, गाणी राजेंद्र कृष्ण यांची, आवाज लता मंगेशकरांचा आणि स्वतः अण्णांचा. अण्णांनी इथे सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बोंगो आणून बसवले. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्याचा वाद्यवृंद तर पडद्यावरही दिसतो. एकीकडे ही नाचरी गाणी आणि दुसरीकडे आजही आया म्हणतात ती हळुवार अंगाई, दोन्ही एकाच चित्रात.

आणि तो नाच. दादांना नाच कुणी शिकवला नव्हता. उंच उडी नाही, गिरकी नाही. एक हात वर, एक हात कमरेपाशी, पाय जागच्या जागी टेकत, खांदे आणि कंबर तालात. गणपतीच्या मिरवणुकीत ताशावर नाचणाऱ्या कुठल्याही माणसाला जमेल असा. तीच त्याची गोम. मारामारीतले ते जुने कसब नाचात उतरले होते. तोल कुठे जातो, कुठे सावरायचा, प्रेक्षकाला पुढच्या क्षणाची वाट कशी पाहायला लावायची, हे सगळे स्टंटपटात शिकलेले. 'शोला जो भडके' हे गाणे आजही लावले की पंच्याहत्तरीच्या माणसाचा पाय हलतो. पुढे अमिताभ बच्चन नाचला तोही याच वळणाने, आणि गोविंदाच्या पिढीतही ते वळण दिसते.

'आवारा' आणि 'बाजी' ज्या वर्षी आले त्याच वर्षी 'अलबेला'ने त्यांच्या बरोबरीने लोक खेचले. पैसा आला. जुहूला बंगला झाला. सात मोटारी झाल्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. इथे आमच्यातला बँकवाला मान हलवतो. एका चित्राचे उत्पन्न म्हणजे पगार नव्हे, दर महिन्याला येत नाही. पण चाळीतल्या एका खोलीत वाढलेल्या माणसाने सात मोटारी का घेतल्या असतील, हे समजायला बी. कॉम. व्हावे लागत नाही.

१९५३ मध्ये तीच मंडळी घेऊन 'झमेला' काढला. तो 'अलबेला'सारखा चालला नाही. १९५६ मध्ये किशोर कुमारला घेऊन 'भागम भाग' केला. पुढे 'ला बेला' नावाने पुन्हा नशीब अजमावून पाहिले, तेही साधले नाही. 'हंसते रहना' हे चित्र सुरू झाले, पण पुरे झाले नाही, आणि त्यात गुंतलेले पैसे परत आले नाहीत. अपुऱ्या चित्राला बाजारात काहीच किंमत नसते. अर्धी विहीर खणून पाणी लागले नाही, तर शेतकऱ्याच्या हाती खड्डा राहतो आणि कर्ज राहते. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको. एकेक करून मोटारी गेल्या, बंगला गेला. भगवानदादा दादरच्या चाळीत परत आले.

बंगल्यावर येणारे लोक चाळीचा जिना चढत नाहीत, हा जगाचा जुना नियम. तीन माणसांनी तो मोडला. अण्णा चितळकर, नट ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण हे तिघे चाळीत येत राहिले. अण्णांना पहिल्या संधी भगवानदादांच्या चित्रांनी दिल्या होत्या. ती ओळख त्यांनी विसरली नाही. गीता बाली मात्र १९६५ मध्येच देवीच्या आजाराने गेली, पस्तिशीच्या आसपास. १९८२ मध्ये अण्णाही गेले.

मग पोटासाठी मिळेल ते काम. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये, राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी'मध्ये त्यांना बरी कामे मिळाली होती. पुढची बहुतेक कामे दोन मिनिटांची. कधी हवालदार, कधी वरातीतला पाहुणा, कधी नुसता गर्दीत नाचणारा जाडा म्हातारा. आम्ही तरुणपणी आदिलाबादच्या थिएटरात असे कितीतरी सिनेमे पाहिले. तो म्हातारा पडद्यावर आला की मागच्या बाकावरची वयस्कर मंडळी शिट्टी मारत आणि आम्हाला कळत नसे की यांना एवढे काय झाले. ते त्या दोन मिनिटांच्या कामाला शिट्टी मारत नव्हते. त्यांना तंबूतला तो भोळासांबा आठवत होता, ज्याने त्यांच्या वाटचा मार खाऊन त्यांना हसवले होते.

ज्या माणसाने स्टुडिओ चालवला, त्याला त्याच गावात दोन मिनिटांच्या कामासाठी रांगेत उभे राहायला काय वाटले असेल? आमच्या ओळखीचे काही अधिकारी निवृत्तीनंतर आपल्याच जुन्या शाखेत पेन्शनच्या कामाला जायला लाजतात. खुर्ची गेली की पाय जड होतो. भगवानदादा वर्षानुवर्षे सेटवर जात राहिले आणि नाचायला सांगितले की नाचत राहिले. आम्हाला त्यांच्या साऱ्या मारामाऱ्यांत ही सगळ्यात अवघड वाटते. इथे ठोसा दिसत नाही, तो चुकवायला शिडी नाही, स्टूल नाही.

चाळीने मात्र त्यांना मोठाच मान दिला. दादर भागात अजून सांगतात की गणपती विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी आली की थांबे. बँडवाले 'अलबेला'तले गाणे धरत. म्हातारे भगवानदादा खाली येत, एक हात वर, एक कमरेशी, चार पावले नाचत, आणि मग मिरवणूक पुढे सरके. ज्या रस्त्यावरून त्यांची चित्रे पाहायला कामगार धावत, त्याच रस्त्यावर बाप्पाची गाडी त्यांच्यासाठी उभी राही. आम्ही आयुष्यभर लोकांच्या ठेवींचे हिशेब केले. ही ठेव कुठल्या रकान्यात घालायची ते आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दादरच्या त्या घरीच भगवानदादांचे निधन झाले. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांच्या सुरुवातीच्या स्टंटपटांतले फारच थोडे आज पाहायला मिळते. ज्या चित्रांनी गिरणगाव आणि तंबू हसवले ती जवळजवळ नाहीशीच झाली. 'अलबेला' मात्र टिकून आहे. २०१६ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

तर नातवाच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. होय, झाला. तो अमरावतीत जन्मला, गिरणगावात वाढला, त्याने तमिळ चित्र केले, त्याच्या हातून एक मोठी चूक घडली, त्याने सगळे मिळवले, सगळे घालवले, आणि मिरवणूक दारात आली की तो नाचायला खाली आला.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती आहे. पुढच्या गणपतीत एका रात्री मंडपात पडदा लावावा. आधी मुलांच्या पसंतीचा चिनी सिनेमा दाखवावा, आपण तो पूर्ण पाहावा आणि उठून जाऊ नये. मग 'अलबेला' लावावा आणि मुलांनी तो पूर्ण पाहावा. प्रोजेक्टरचा खर्च आम्ही देऊ. एका तंबूवाल्याचे आमच्याकडे तेवढे देणे राहिले आहे.